धाब्याच्या घरात कलाकारांची रेसिडेन्सी काढायचीय? आधी घर चालतं ठेवा

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला, बाकीच्यांनाही कळावा म्हणून थोडक्यात मांडते. अमळनेर तालुक्यात तुमच्या आजोबांचं बारा खणांचं (खण म्हणजे दोन खांबांमधली जागा) धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर आहे, मधे चौक, खाली तळघर, एका भिंतीत धान्याची बळदं, मागे गोठा आणि परस. आई एकट्या तिथे राहतात, तुम्ही पुण्याला. चित्रकार, लेखक, संशोधक अशा लोकांनी तिथे येऊन राहावं, काम करावं, म्हणजे तिथे रेसिडेन्सी काढावी असं तुम्हाला वाटतंय, आणि आर्किटेक्टने प्लॅन दिलाय की धाबं काढून स्लॅब टाकू, आठ अटॅच्ड खोल्या काढू, दहा-दहा दिवसांच्या बॅचेस घेऊ. हे चालेल का, पैसा कुठून येणार, कागदपत्रं काय लागतात आणि मुळात एवढ्या आडगावात येणार कोण, असे चार प्रश्न आहेत.

मी गिरणा नदीच्या काठच्या एका गावात, सासरच्या धाब्याच्या वाड्यात हेच काम बरीच वर्षं करतेय, त्यामुळे जरा मोठं लिहिते, वेळ काढून वाचा. माझं म्हणणं सरळ आहे. आठ खोल्या नको, एका वेळी दोन, फार तर तीन माणसं. दहा दिवस नको, दीड-दोन महिने. आणि आई ज्या पद्धतीने आज घर चालवतात ते घर तसंच चालू राहिलं पाहिजे, पाहुण्याने त्यात बसायचं, घराने पाहुण्याभोवती फिरायचं नाही. पुढचं सगळं यातूनच निघतं.

आधी मुक्कामाचं बोलते कारण सगळ्यात जास्त वाद त्यावरच होतात. दहा दिवसांत माणूस काय करतो तर पहिले तीन दिवस फोटो काढतो, मग दोन दिवस पोट बिघडलेलं असतं, मग अजिंठा बघून येतो, आणि उरलेल्या दिवसांत घरून डोक्यात घेऊन आलेलं काम इथे बसून उरकतो, ते काम तो पुण्यातही करू शकला असता. खरं काम मी नेहमी तिसऱ्या आठवड्यानंतरच सुरू होताना बघितलंय. तोपर्यंत गावातल्या बायका त्याच्याकडे बघून थांबायचं बंद करतात, त्याला नळाला पाणी कधी येतं ते पाठ होतं, दुपारी कुठल्या भिंतीला टेकून बसायचं ते कळतं, आणि मग तो आणलेला प्रोजेक्ट बाजूला ठेवून समोर जे आहे ते बघायला लागतो.

आणि हे काही बाहेरून आणलेलं फॅड नाही हो. तुमच्याच अमळनेरात १९१६ साली प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर काढलं, देशभरातले अभ्यासक तिथे फेलो म्हणून येऊन राहायचे, मलकानी, के. सी. भट्टाचार्य, टी. आर. व्ही. मूर्ती असे मोठे तत्त्वज्ञ तिथे होते, आणि साने गुरुजी आधी तिथे शिकायला आले आणि मग प्रताप हायस्कूलात मास्तर झाले. त्या लोकांना कोणी दहा दिवसांची बॅच दिली नव्हती. तिकडे अजिंठ्याला रॉबर्ट गिल हा ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि चित्रकार १८४४ मध्ये लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला आला आणि अजिंठा गावातल्या बारादरीत वर्षानुवर्षं राहिला, त्याने केलेली बरीचशी चित्रं १८६६ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली, तरी तो इकडेच राहिला, त्याची कबर आजही भुसावळला आहे. आपल्या भागाला लांब मुक्कामाची माणसं सोसतात, घाईची नाही.

आता घर. धाबं काढून स्लॅब टाकायची म्हणताय ते आधी थांबवा, हात जोडून सांगते. तुमच्या भिंती मातीच्या, दोन-अडीच फूट जाड असणार, पण वजन खरं घेतात ते सागाचे खांब आणि तुळया. त्यावर कड्या, कड्यांवर किलचन म्हणजे बारीक लाकडी पट्ट्या, त्यावर पऱ्हाटीचा (कापसाच्या वाळलेल्या काड्यांचा) नाहीतर निंबाच्या पाल्याचा थर, मग चिखल आणि सगळ्यात वर खारी. या रचनेवर काँक्रीट ठेवलं की एकतर सगळी लाकडं काढून कॉलम उभे करावे लागतात, म्हणजे घर गेलंच, किंवा भिंतीवर नको तेवढं वजन येतं. भिंतीला आतून-बाहेरून सिमेंट प्लास्टर मारलं तर तेही वाईट, जमिनीतली ओल भिंतीत चढते ती मातीतून वाळून जायची, आता तिला बाहेर पडायला जागाच राहत नाही, दोन पावसाळ्यांत प्लास्टर फुगतं आणि आतली माती भुसभुशीत होते. वाळवीला यापेक्षा चांगली जागा मिळत नाही.

खारीचं जरा सविस्तर सांगते, शहरातल्या आर्किटेक्टांना हेच माहीत नसतं. खारी म्हणजे क्षाराची माती, पाणी लागलं की ती फुगते आणि स्वतःच्या भेगा स्वतः बुजवते, आणि तिच्यावर सहसा गवत उगवत नाही, म्हणून मुळं खाली जाऊन छताला भोकं पडत नाहीत. दरवर्षी पावसाच्या आधी, मे अखेरपर्यंत धाब्यावर खारी टाकायची, ढाळ पनाळीकडे ठेवायचा आणि चोपून घ्यायची. पण लोक काय करतात, जुनी न काढता दरवर्षी नवीन ओतत जातात, वीस-तीस वर्षांत थर एवढा जाड होतो की कड्या वाकतात, आणि मग म्हणतात धाब्याची घरं पडतात. आधी खरवडायची, वजन उतरवायचं, मग नवी टाकायची. तुमच्याकडे पहिलं काम हेच करा. आणि कड्या तपासताना मधला भाग बघू नका, तो चांगलाच दिसतो, भिंतीत गेलेलं टोक बघा. लोखंडी टोचा घेऊन तिथे टोचायचं, ठणठणीत लागला तर काळजी नाही, लोण्यात गेल्यासारखा आत गेला तर ती कडी बदलायची. जुनी घरं पाडतात त्यांचं सागवान विकायला असतंच आपल्याकडे, पावती घेऊन तेच घ्या, नवीन लाकडापेक्षा कितीतरी सरस असतं.

हे काम ज्या म्हाताऱ्या मिस्त्रींना येतं ते दर गावात आता एखाददुसरेच उरलेत. त्यांना शोधा आणि त्यांच्या हाताखाली दोन पोरं ठेवा. १९३६ च्या डिसेंबरात आपल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं, तेव्हा नंदलाल बोसांसारख्या माणसाने शांतिनिकेतनहून येऊन सगळी सजावट बांबू आणि आजूबाजूला मिळेल त्या सामानातून केली होती. एवढा मोठा चित्रकार इथलं सामान आणि इथले हात घेऊन काम करू शकतो तर आपल्याला पुण्याहून व्हिट्रिफाइड टाइल्स कशाला पाहिजेत?

थंडाव्याचंही लोक उगाच कौतुक करतात म्हणून खरं काय ते सांगते. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा धाब्याच्या घरात दुपारी खरंच बरं वाटतं कारण जाड मातीतून ऊन आत यायला बरेच तास लागतात. पण तेच ऊन रात्री आत उतरतं, म्हणून आपली माणसं रात्री धाब्यावर झोपायची. पाहुण्याला हे आधी सांगून ठेवायचं, वर झोपायला बाजा ठेवायच्या, आणि तसाही एप्रिल-मे मध्ये बाहेरच्या माणसाला बोलवूच नये. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंत आपला सीझन. पावसाळ्यात एखादाच घ्यायचा, ज्याचं कामच पावसाशी आहे असा.

सोयींचं पटकन सांगते. संडास-बाथरूम घराच्या भिंतीला चिकटून अजिबात नको, परसात वेगळे दोन बांधा, पक्के, स्वच्छ, दिवा लावलेले, तिथपर्यंत फरशीची वाट, आणि शोषखड्डा भिंतींपासून लांब. वायरिंग सगळी नवीन, भिंती न फोडता वरून पाइपातून, अर्थिंग नीट आणि गळतीला आपोआप पडणारा ब्रेकर, छतात लाकूड आणि काडी आहे हे विसरू नका. त्याच कारणाने प्रिंटमेकिंगवाले, थिनर-टर्पेंटाइनवाले यांना आत काम नाही, त्यांच्यासाठी गोठा साफ करा, तो उत्तम स्टुडिओ होतो, उत्तरेकडून उघडा असेल तर विचारायलाच नको. तळघर फोटोवाल्यांना डार्करूम म्हणून चालतं, फक्त हवा जायला पंखा बसवा. वायफाय अडीच फुटी मातीतून जात नाही, राऊटर चौकात लावा, म्हणजे लोक नेट वापरायला चौकात येतात आणि बाकी वेळ आपापल्या खणात कामाला लागतात. विंचू निघतात, क्वचित साप. बूट झटकून घालायचे, रात्री बॅटरी घेऊनच परसात जायचं, आणि साप चावल्यावर देतात ते इंजेक्शन कुठल्या सरकारी दवाखान्यात असतं ते आजच विचारून भिंतीवर फोन नंबरसकट लिहून ठेवा.

आता खरा मुद्दा, आई. तुमच्या सगळ्या प्रश्नात आई राहतात एवढंच आहे, त्यांना काय पाहिजे ते कुठेच नाही. भाऊ, हे घर आज उभं आहे ते त्या रोज झाडतात, सारवतात, दिवा लावतात म्हणून. त्यांना न विचारता परके लोक घरात आणले तर त्या आपल्याच घरात पाहुण्या होतील, आणि त्यांना केअरटेकर करून टाकलं तर त्याहून वाईट. बसून विचारा. कुठल्या खणात कोणी यायचं नाही, देवघर आणि माजघर बंद का उघडं, मांसाहार चालेल का, बाहेरच्या मुली सिगरेट ओढतात ते त्यांना चालणार आहे का, रात्री दार किती वाजता लागतं. त्या जे म्हणतील तो नियम, आणि तो नियम येणाऱ्याला पत्रातच कळवायचा. मी सासूबाईंना विचारलं होतं तेव्हा त्यांनी एकच अट घातली, संध्याकाळी दिवेलागणीला घरात जो असेल त्याने ओसरीवर यायचं. बस्स. कोणी नमस्कार करो न करो. त्या एका अटीमुळे आमच्याकडे रोज सगळे एकमेकांना भेटतात, मीटिंग ठेवावी लागत नाही.

स्वयंपाकाला वेगळी बाई ठेवा, पगारी, आणि तिचा पगार बजेटमधली पहिली ओळ, कलाकाराच्या मानधनाच्याही आधी. अमेरिकेत मॅकडॉवेल म्हणून एक फार जुनी रेसिडेन्सी आहे, १९०७ पासूनची, तिथे दुपारचं जेवण टोपलीत घालून स्टुडिओच्या दाराशी गुपचूप ठेवतात, कामात व्यत्यय नको म्हणून. तिथल्या जंगलात ते ठीक असेल. आपल्याकडे मी उलट करते, दुपारी ज्याला पाहिजे तेव्हा त्याने डबा उघडावा पण रात्रीचं जेवण एकत्र, एका पंगतीत, ज्याने घर सांभाळलं त्याच्याबरोबर. कारण संशोधकाला जी माहिती पाहिजे असते ती मुलाखतीत मिळत नाही, ती कळण्याच्या भाकरीवर ठेचा घेताना निघते. फक्त रोज शेवभाजी आणि भरीत खाऊ घालू नका लोकांना, उत्साहात आपण तेच करतो, बाहेरच्यांना तो तिखटपणा चार दिवसांच्या वर झेपत नाही. साधं वरण-भात, मुगाची खिचडी, ताक. शेवभाजी रविवारी.

घराचं स्वतःचं कॅलेंडर असतं, ते आधी लिहून काढा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला माहेरवाशिणी येतात, झोके बांधतात, तेव्हा तुमच्या बहिणींना आणि आत्यांना खोली लागणार, तेव्हा पाहुणा ठेवायचा नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आपली खान्देशातली देवी, बसते, दुसऱ्या दिवशी विसर्जन, घरात अख्खी भाऊबंदकी जमते. आमच्याकडे एका वर्षी एक व्हिडिओ करणारा मुलगा त्याच वेळी होता, चांगला, मनमिळाऊ पोरगा, सगळं शूट करायचं म्हणाला. सासूबाईंनी त्याला कानबाई बसवताना बसू दिलं, गाणी ऐकू दिली, पण रोट, म्हणजे कानबाईचा प्रसाद, आमच्याकडे भाऊबंदकीतच खातात, तो त्याला दिला नाही आणि त्या वेळी कॅमेराही बंद. त्याला वाईट वाटलं, पण त्याने ऐकलं, आणि त्याच्या फिल्ममध्ये तो भाग काळ्या पडद्यावर नुसत्या आवाजांचा आहे, भांड्यांचा आणि बायकांच्या हसण्याचा, बाकीच्या सगळ्या फिल्मपेक्षा मला तोच जास्त आवडतो. घर नाही म्हणू शकलं पाहिजे. आठ अटॅच्ड खोल्यांचं होमस्टे कुणाला नाही म्हणू शकत नाही कारण त्याचे हप्ते चालू असतात.

माणसं कशी निवडायची. मोठा सीव्ही बघू नका, प्रपोजलमध्ये किती जागा मोकळी सोडलीय ते बघा. ज्याला आधीच सगळं माहीत आहे, 'ग्रामीण वास्तव', 'लुप्त होत चाललेली परंपरा' वगैरे ज्याने पहिल्या पानावरच लिहून टाकलंय, त्याला इथे येऊन काही दिसणार नाही. फोनवर अर्धा तास बोला आणि विचारा की दोन महिन्यांत काहीच झालं नाही तर काय कराल. या प्रश्नाला जो घाबरत नाही तो घ्या. एक कलाकार आणि एक संशोधक अशी जोडी उत्तम, दोन चित्रकार एकत्र शक्यतो नको. आणि दर सीझनला एक जागा आपल्या भागातल्या माणसाला, अहिराणीत लिहिणारा असेल, नंदुरबारकडचा पावरा आदिवासी पोरगा चित्र काढणारा असेल, लेवा बोलीवर काम करणारी शिक्षिका असेल. त्याला घरी जागा नसते, शांतता नसते, त्याला या रेसिडेन्सीची मुंबईवाल्यापेक्षा जास्त गरज आहे.

जवळून एक उदाहरण देते म्हणजे लांब मुक्काम का म्हणते ते कळेल. एक मुलगी आली होती, आर्किटेक्चरच शिकलेली, प्रोजेक्ट होता कापसाच्या जुन्या जिनिंग-प्रेसिंगच्या इमारतींवर. महिनाभर ती जिनिंगच्या शेड मोजत फिरली. मग एकदा घरात उंदरांचा वास यायला लागला म्हणून आम्ही एक जुनं बळद उघडलं. बळद म्हणजे भिंतीच्या पोटातलं कोठार, वरच्या तोंडातून ज्वारी ओतायची आणि खालच्या हातभर भोकातून लागेल तेवढी काढायची. ती बॅटरी घेऊन आत उतरली आणि तासभर वर आलीच नाही. आत लिंपणाऱ्या बाईची बोटं अजून भिंतीवर उमटलेली होती, चार बोटांचे अर्धगोल, एकावर एक, तळापासून वरपर्यंत, आणि जिथे हात पोचला नाही तिथे एका पोराचे, लहान बोटांचे. म्हणजे पोराला आत सोडून लिंपून घेतलं होतं. तळाला राख आणि निंबाचा पाला, चुरा झालेला. शेजारच्या आजी आल्या, त्यांनी डोकावून सांगितलं की आम्हाला पण लहानपणी असंच आत सोडायचे, ज्याचा खांदा त्या तोंडातून जाईल तो आत. तिने उरलेले दिवस गावातली बळदं शोधत आणि बायकांच्या हातांची मापं घेत काढले. जिनिंगचं काम तिने नंतर पूर्ण केलं, पण इथून ती जे घेऊन गेली ते कुठल्याच प्रपोजलमध्ये लिहिता आलं नसतं. दहा दिवसांत ते बळद उघडलंच नसतं.

संशोधकांच्या बाबतीत मी कडक आहे आणि तुम्हीही व्हा. आपल्या भाषेची, गाण्यांची, माणसांची माहिती गोळा करून नेणारे लोक खूप आले. इंग्रजांच्या काळात ग्रियरसनने केलेल्या भारताच्या भाषा-सर्वेक्षणात खान्देशी भिल्ली भाषांच्या बरोबर एका खंडात छापली आहे, १९०७ मध्ये, ते मोठंच काम आहे यात शंका नाही, पण ज्यांनी ते नमुने बोलून दाखवले त्यांच्या घरी काय पोचलं? आमच्याकडे नियम असा की रेकॉर्डिंगच्या आधी विचारायचं, गाणारीला कळेल अशा भाषेत सांगायचं की हे कोण ऐकणार आणि कुठे वाजणार, आणि जाण्याच्या आधी तिच्या नाहीतर तिच्या नातवाच्या मोबाईलमध्ये ते रेकॉर्डिंग टाकून द्यायचं. ती नंतर नको म्हणाली तर काढून टाकायचं. सातपुड्यात, धडगाव-मोलगीकडे, पाहुण्यांना सहल म्हणून नेऊ नका. काठी गावच्या होळीला आता नाचणाऱ्यांपेक्षा कॅमेरे जास्त वाटायला लागलेत, त्यात आपण भर घालायची नाही. ज्याचं तिथे काम आहे त्याने तिथल्याच कुणाच्या ओळखीने जावं, राहावं, त्यांच्या घरात त्यांच्या नियमाने.

आणि जे काम होईल त्याची एक प्रत घरात राहिलीच पाहिजे. चित्राचा फोटो, लेखाची प्रत, रेकॉर्डिंग, वहीतली पानं, काहीही. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे १९२६ च्या ३१ डिसेंबरला धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी लोकांनी तिथे राजवाडे संशोधन मंडळ काढलं म्हणून त्यांचा संग्रह आज धुळ्यात जाऊन बघता येतो. चाळीसगावला स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर आहे, हा एवढा मोठा फोटोग्राफर वर्षानुवर्षं त्या घराबाहेर फारसा पडलाच नाही, टेबलावर साध्या वस्तू मांडून त्याने जग उभं केलं, १९८९ मध्ये ते गेले आणि ते घर त्यांच्या कामासकट राखलं गेलं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या आठवड्यात धुळ्याला आणि चाळीसगावला पाठवते, अजिंठा नंतर. तुमच्या घरात एक लोखंडी कपाट घ्या, खाली विटांवर ठेवा, वाळवी बघत जा. सुरुवातीला तेवढं पुरे.

पैसा. इथे मला पाटणचा शिलालेख फार आठवतो. चाळीसगावजवळच्या पाटणला, शके ११२८ म्हणजे १२०७ साली, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. राजांनी दान दिलंच, पण त्या लेखाच्या शेवटचा जुन्या मराठीतला भाग वाचा, त्यात बाजारात माल उघडला की त्यावरचा हिस्सा मठाला, गिऱ्हाईकाकडून पाच सुपाऱ्या, आणि जितके घाणे चालतील तितक्यांनी पळी पळी तेल द्यायचं असं लिहिलंय. म्हणजे गणित शिकवायची जागा गावाच्या बाजारावर चालत होती. मी तेच करते. आमच्याकडे एक व्यापारी वर्षाचे गहू देतो, एकाकडून तेलाचे डबे येतात, केळीवाले घड पाठवतात, एक निवृत्त गुरुजी वर्तमानपत्राचं बिल भरतात. रक्कम म्हणून बघितलं तर थोडी, पण त्यामुळे गावाला ती जागा आपली वाटते आणि मोठी ग्रँट एखाद्या वर्षी आली नाही तरी जेवण बंद पडत नाही. रोख लागते ती पगाराला, दुरुस्तीला आणि मानधनाला. कलाकाराकडून भाडं घेऊ नका, ज्याला परवडतं तोच येईल मग. जेवणखर्च ज्याला शक्य आहे त्याने द्यावा, बाकीच्यांना माफ, आणि हे कोणाकोणाला माफ आहे ते पंगतीत कळता कामा नये. संशोधकांना स्वतःच्या नावाने अर्ज करायला सांगा, बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स १९९३ मध्ये निघालं आणि १९९५ पासून कलाक्षेत्रातल्या संशोधनाला पैसे देतंय, विद्यापीठांच्या फेलोशिपवाल्यांना तर फक्त राहायला जागाच पाहिजे असते.

कागदपत्रांचं. गावठाणातलं घर असणार, ग्रामपंचायतीचा नमुना ८ काढा आणि त्यावर कोणाकोणाची नावं आहेत बघा, काका, चुलतभाऊ, आत्या. सगळ्यांशी आधी बोला, वाटणीपत्र किंवा हक्कसोडपत्र जे काय असेल ते नोंदवून घ्या. घर नावारूपाला आलं की हिस्से आठवतात, हे सगळ्या खान्देशात सारखंच आहे. पहिल्या एक-दोन वर्षांत संस्था काढायची घाई नको, घरी पाहुणे येतात तसं चालू द्या, मग जमलं तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली ट्रस्ट नाहीतर सेक्शन ८ कंपनी (नफ्यासाठी नसलेली), सीए आणि वकील तालुक्यातलेच घ्या म्हणजे फोन उचलतात. देणगीदाराला करात सूट पाहिजे असेल तर आयकर खात्याची मंजुरी लागते, जिला लोक ८०जी म्हणतात, परदेशातून देणगी घ्यायची तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची केंद्र सरकारची परवानगी, त्याशिवाय एक रुपया घ्यायचा नाही. ट्रस्टचं आणि घराचं एकमेकांत मिसळू नका, घर तुमचंच, ट्रस्टला करार करून वापरायला द्यायचं. परदेशी माणूस राहायला आला तर २४ तासांच्या आत त्याची नोंद ऑनलाइन करावी लागते, ती घरमालकाची जबाबदारी आहे, आणि गावच्या पोलीस पाटलालाही सांगून ठेवा. आपल्या देशातला असो की बाहेरचा, प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत फाइलला.

येणार कोण, याची काळजी सगळ्यात कमी करा. अमळनेर सुरत-भुसावळ लाइनवर आहे, मुंबईवाला जळगाव किंवा भुसावळपर्यंत रात्रीत येतो. गावातली माणसं मात्र नक्की विचारणार, पारावर बसलेले म्हातारे आमच्याकडच्या पहिल्या पाहुण्याला म्हणाले होते, 'आठे देखाले काय शे भो?', म्हणजे इथे बघण्यासारखं काय आहे भाऊ, आणि त्या बिचाऱ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून प्रत्येकाने जायच्या आधी एक संध्याकाळ चौकात काम मांडून दाखवायचं, आपल्या भाषेत बोलायचं, जमत नसेल तर तुमच्यापैकी कोणीतरी अहिराणीत सांगायचं. लोक येतात, बसतात, चुका काढतात. एका चित्रातला बैल ज्या बाजूने जुंपला होता त्यावर आमच्याकडे एकदा तासभर वाद झाला आणि चित्रकाराने दुसऱ्या दिवशी शेतात जाऊन जू मोजून आणलं.

आता तुमच्या या वर्षाचं. आत्ता लगेच जाहिरात काढू नका. येत्या मे महिन्यात आठ दिवस रजा टाकून घरी या, धाबं खरवडून घ्या, कड्यांची टोकं बघा, नवी खारी टाका. पावसाळाभर आईंना विचारत राहा कुठे गळतंय, कुठे नाही, तेवढ्यात परसातलं बांधकाम होईल. दिवाळी झाली की एकाच माणसाला बोलवा, ओळखीतला, मराठी बोलणारा, शक्यतो बाई, म्हणजे आईंना सोबत होईल आणि त्यांचं काय म्हणणं आहे ते त्या मोकळेपणाने सांगतील. फेब्रुवारीत त्या माणसाला आणि आईंना वेगवेगळं बसवून विचारा. दोघींचं हो आलं तर पुढच्या वर्षी दोन. आणि त्या आर्किटेक्टची झाली तेवढी फी देऊन टाका, प्लॅन राहू द्या, पण त्याने घराची जी मोजमापं घेतलीत त्यांचे नकाशे मागून घ्या, कुठली कडी कुठल्या खणात आहे ते लिहून ठेवायला तेच लागतात.